भटूच्या वाट्याचा रोट

सकाळी कामावर आलं की कुणी चहा मागवतं, कुणी पंखा लावतं, कुणी आदल्या दिवशीची अर्धवट चहाडी पुढे सुरू करतं. विमलबेन आधी विचारपूस करायची. चपला दाराबाहेर, ओढणीचं टोक कमरेत खोचलेलं, वर पांढरा कोट, आणि सूक्ष्मदर्शकावर वाकून:

"काय रे पोरेस्वन, जित्ता शेतस ना?"

माझा तिथला पहिलाच दिवस होता. मी अकोल्याची. नवऱ्याला सुरतेत बांधकामावर काम मिळालं म्हणून आले, पर्वत पाटियाला खोली घेतली आणि या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. अहिराणी कधी कानावर पडली नव्हती; पोरांनो, जिवंत आहात ना, असं ती विचारत होती हे पुढे कळलं. कुणाची पोरं, कुठे आहेत, म्हणून मी टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. विमलबेनने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वऱ्हाडीण ना तू? ये. तुला पोरं दाखवते."

काचेच्या बशीत गुलाबी पाणी होतं आणि त्यात रव्याहून बारीक गोल गोल दाणे. उंदराच्या स्वादुपिंडातून काढलेले. शास्त्रात त्यांना बेटं म्हणतात. अंगाला लागणारं इन्सुलिन ही बेटं तयार करतात. काही मुलांचं शरीरच आपल्या बेटांवर उठतं आणि त्यांना मारून टाकतं, मग त्या पोराला जन्मभर सुई. दुसऱ्या कुणाची निरोगी बेटं काढून अशा माणसाच्या अंगात घालता येतात, पण ती महानाजूक. बाहेर काढली की त्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरायला लागतात. नव्या अंगात गेली तरी पहिल्या काही दिवसांत कितीतरी गुदमरून जातात. ती जगवायची कशी, हेच आमचं काम होतं. मोठे सर त्याला 'प्रकल्प' म्हणत, विमलबेन 'पोरं सांभाळणं' म्हणायची.

बहुतेक सकाळी उत्तर एकच असायचं. बेटाचा मधला भाग काळा पडलेला दिसायचा. विमलबेन दोन्ही हात टेबलावर टेकवून उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "मरी गयात." मग बशी टाकायची, हात धुवायची आणि नव्याने सुरू करायची. मला वाटायचं, बाई जरा जास्तच करते. माझा स्वभावच तसा आहे, दुसऱ्याची माया मला आधी नाटक वाटते.

ते नाटक नव्हतं हे मला सकाळच्या त्या फोनवरून कळलं.

कामाच्या ऐन मध्यात ती हातमोजे काढायची आणि फोन लावायची. पलीकडून लूमचा खडखडाट ऐकू यायचा. ना हॅलो, ना कसा आहेस. एकदम प्रश्न: "सतरा पाचे?" पलीकडून कुणीतरी ओरडायचं, "पंच्याऐंशी! आन दुसरं इचार!" मग ती विचारायची, "एकोणीस चोक?" "शहात्तर!" झालं. फोन बंद, हातमोजे परत हातात. मी म्हटलं, "काय वं, शाळा घेतं का फोनवर?" ती हसली नाही. म्हणाली, "भटूची साखर पाहते."

भटू तिचा धाकटा भाऊ. नवागामच्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, कामाला. धुळ्याकडून त्यांचा बाप लूमवर आला तेव्हा हा कडेवर होता. नऊ वर्षांचा असताना एकाएकी वाळला, रात्रंदिवस पाणी प्यायला लागला, शेवटी बेशुद्ध पडला तेव्हा दवाखान्यात कळलं की याच्या बेटांचा निकाल लागला आहे. तेव्हापासून सुई. सुईने साखर खाली येते, पण कधीकधी फार खाली येते. बाकीच्यांना अशा वेळी घाम सुटतो, हात कापतात, भूक लागते, माणूस सावध होऊन साखर तोंडात टाकतो. इतकी वर्षं सुया घेऊन भटूच्या अंगाची ती घंटाच बिघडली होती. साखर उतरायची आणि त्याला स्वतःला पत्ता नसायचा. एकदा चालू लूमसमोर उभ्या उभ्या गप्प झाला, बाजूच्या कारागिराने मागे ओढला म्हणून हात वाचला.

म्हणून पाढे. उत्तर लगेच आलं तर साखर ठीक. अडखळला तर खडीसाखर. चुकला तर विमलबेन रिक्षा करून नवागामला. तिच्या कोटाच्या खिशात, पर्समध्ये, टेबलाच्या खणात, सगळीकडे खडीसाखरेच्या पुड्या असायच्या. भटू तिथे नव्हता हे तिच्या खिशांना ठाऊकच नव्हतं. आमच्या टेबलांना वर्षभर मुंग्या. मोठे सर गुजराती, फार मऊ माणूस, ते एकदा म्हणाले, "विमलबेन, आ कीडीओ शुं खाय छे?" ती म्हणाली, "भटूची खडीसाखर, सर." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

तिच्या लग्नाचं विचारायला गोडादऱ्याहून एक दोन स्थळं आली होती. मुलाकडचे म्हणाले, नोकरी करा, शिका, आमचं काही नाही. ती म्हणाली, "आणि सकाळी पाढे कोण विचारणार?" ते लोक गोंधळून चहा पिऊन गेले. माय, म्हणजे तिची आई, आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

या मायचं एक सांगायलाच हवं. एकदा ती डबा घेऊन प्रयोगशाळेत आली. पोरगी इतकी वर्षं कुणाची पोरं सांभाळते ते बघायचं होतं तिला. विमलबेनने बेटांना रंग दिला होता. त्या रंगाने जिवंत बेटं लालभडक होतात. माय बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून राहिली. मग म्हणाली, "कुकुना कण शेतस जसा." तिने हात जोडले. आणि मग, आई ती आईच, विचारलं, "यासले खावाले काय देतस?"

"साखरेचं पाणी," मी म्हटलं.

माय आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. "यासले साखर चालस? आन मना पोऱ्याले नही?"

मला हसू आलं. विमलबेनला नाही आलं. मायला ती समजावत बसली की ही बेटं साखर खाऊन इन्सुलिन देतात, ती भटूच्या पोटात असती तर भटूलाही साखर चालली असती. मायने सगळं ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "मंग कव्हय घालशी त्याना पोटमा?" कधी घालशील त्याच्या पोटात. विमलबेन म्हणाली, "जगली म्हणजे." पी हळद अन् हो गोरी असं ते काम नाही, हे आईला कुठल्या भाषेत सांगायचं? मायने मात्र ते वचन समजून गाठीला बांधलं. कानबाईला, म्हणजे त्यांच्या देवीला, तिने नवसही बोलून टाकला.

एकदा मीच तिला टोकलं. म्हटलं, "विमल, खरं सांग. ही बेटं बशीत जगली, तरी उंदरात जगली पाहिजेत, मग माणसात, मग त्याच्या शरीराने ती पुन्हा मारू नयेत. किती वर्षांचं काम आहे हे! भटूला याचा उपयोग होईल असं तुला वाटतं?"

ती बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. हात थांबले नाहीत. "नही वाटत."

"मग?"

"मग काय? हात बांधून बसू? तो तिकडे मरतोय, मी इकडे काहीतरी जगवते. मला दुसरं काही येत नाही." चिठ्ठी वाकडी लागली होती. ती काढून तिने पुन्हा लावली.

तिची खरी युक्ती नवागामातून आली. बेटं बशीत एकमेकांना चिकटून गोळा होत आणि मधली मरत. आम्ही औषधं बदलली, हवा वाढवली, काही फरक नाही. एका बैठकीत ती उठून म्हणाली, "सर, नवागामात एका खोलीत दहा कारागीर झोपतात. उन्हाळ्यात मधल्याला झोप येत नाही. मधला गुदमरस. भिंतीकडचे बरे असतात. यांना वेगवेगळं झोपवायला हवं." सर म्हणाले, "खाटला आपीशुं?" खाटा देऊ या का? सगळे हसले. ती म्हणाली, "हो. खाटाच."

तिने रेशमाच्या खाटा केल्या. रेशीम सोड्यात उकळायचं, त्याचा डिंक काढायचा, मग ते विरघळवून त्याची अतिशय पातळ, भोकांची जाळी तयार करायची आणि एकेका भोकात एकेक बेट. रेशीम भटू आणून द्यायचा. त्याच्या मित्राकडे रेशमी साड्यांचे लूम होते, तिथल्या कोनांवर, म्हणजे दोऱ्याच्या रिळांवर, उरलेला दोरा. पिशवी टेबलावर ठेवून छाती फुगवून म्हणायचा, "मनं स्वादुपिंड मीच इणी ऱ्हायनू!" माझं स्वादुपिंड मीच विणतोय. हसरा पोरगा. उंच, किडकिडीत, केसांना भरपूर तेल. मला वहिनी म्हणायचा आणि माझ्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल करून मलाच ऐकवायचा. त्याच्याबद्दल कुणाला वाईट वाटायला तो सवडच द्यायचा नाही.

खाटांवर उंदराची बेटं जरा जास्त टिकली. फार नाही, पण टिकली. त्या सकाळी विमलबेनने "जित्ता शेतस ना?" विचारलं आणि उत्तर 'हो' आलं. ती स्टुलावर बसली आणि रडली. मी चहा मागवला, दुसरं काय करणार.

आता कानबाईचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. श्रावणात खानदेशी घरांतून कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी, तिला नथ, डोळे, लुगडं. रविवारी बसते, सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला निघते. या सणाला रोट असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे आणि त्याच पिठाचं पुरणपोळीचं जेवण करायचं. बाहेरच्या माणसाला त्यातला घास द्यायचा नाही, पानात टाकायचं नाही. त्यांच्या भाऊबंदांत आणखी एक नियम होता: ज्याच्या नावाची मूठ, त्याचं पान कानबाई उठायच्या आत रिकामं झालं पाहिजे. नाहीतर त्या माणसाला वर्ष वाईट.

नवागामला काकांच्या घरी कानबाई बसायची. बाप गेल्यापासून विमलच्या घरची मूठ एकट्या भटूची. पण पुरण, गूळ, तूप, हे सगळं भटूला कसं झेपायचं? म्हणून लहानपणापासून बहीणभावाचं ठरलेलं होतं. दोघं एका पानावर बसायची, तो थोडं खायचा, बाकीचं ती. सगळ्यांना माहीत होतं, माय तिकडे पाठ करून बसायची म्हणजे नियम मोडल्याचं दिसायला नको. मी एका वर्षी पाहुणी म्हणून गेले होते. मला चहा आणि केळं मिळालं. मी म्हटलं, "अवं, वासानं जीव चालला माझा, एक घास तरी दे." विमलबेन तोंड भरलेलं असताना हसली. "तुले नही चालस. तू अकोल्यानी." भटू म्हणाला, "वहिनी, तुमना करता भजा मांगाडस." खूप हसलो त्या दिवशी.

पुढच्या वर्षी कानबाईच्या रविवारीच आम्हाला फोन आला. एका मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी त्याचे अवयव दिले होते. स्वादुपिंड कुणाला बसवता येण्याजोगं नव्हतं, पण संशोधनाला देण्याची घरच्यांची लेखी संमती होती. माणसाचं स्वादुपिंड. ज्याची विमलबेन कित्येक महिने वाट पाहत होती ते. बर्फाची पेटी आली. तिने झाकणावर हात ठेवला. "कोनी तरी माय रडी ऱ्हायनी व्हई," म्हणाली. मग कामाला लागली.

हे काम मध्ये सोडता येत नाही. ग्रंथी सोडवायची, बेटं वेगळी करायची, धुवायची, निवडायची, खाटांवर ठेवायची. सोमवारची सकाळ उजाडली तरी तिचं चाललंच होतं. तिने घरी फोन केला. मी शेजारी होते. मायला म्हणाली, "मला यायला उशीर होईल. भटूला सांग, थोडंच खा. माझं मी नंतर येऊन खाते." माय काहीतरी बोलली. विमल म्हणाली, "कानबाई थांबस का? मला माहीत आहे ती थांबत नाही. पण हेही थांबत नाही, माय." फोन ठेवला. मग पाढ्यांची वेळ झाली तेव्हा भटूला लावला. वाजत राहिला. परत लावला. वाद्यांत ऐकू आलं नसेल, मी म्हटलं. तिचे हात बशीत होते, त्या खाटा वाळल्या असत्या तर सगळं गेलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू जाय. माले आठेच ऱ्हावनं पडी."

मी रिक्षा केली. पर्वत पाटियाला गाड्या अडकलेल्या, पुढे दोन मिरवणुका. नवागामची गल्ली वाद्यांनी दुमदुमत होती. काकांच्या दारात गर्दी, आणि गर्दीच्या मधे भटू.

नवा पांढरा शर्ट. कपाळभर कुंकू. डोळे अर्धे मिटलेले, मान गरगर फिरत होती, सगळं अंग थरथरत होतं. तोंडातून काहीबाही शब्द येत होते. बायका ओरडत होत्या, "देवी उनी! भटूना अंगमा देवी उनी!" वाजवणाऱ्यांना जोर चढला होता. कुणी हळद टाकत होतं, कुणी पाया पडत होतं. आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवून माय बसली होती.

"मायबाई, मना भटूले बरं कर. एवढं एक कर. मी तुना पाय पडस. मना भटूले बरं कर."

ती भटूच्याच पायांवर डोकं ठेवून भटूसाठी मागत होती.

मी गर्दीत घुसले. त्याचा हात धरला. थंडगार, घामाने निथळलेला. मी ओरडले, "साखर आणा! देवी नाही, साखर उतरली आहे त्याची!" एका बाईने माझा हात झटकला. "हात नका लावू, बाहेरन्या तुम्ही." बाहेरची. होतेच मी बाहेरची. मी पर्समधून खडीसाखर काढून त्याच्या ओठांत कोंबली, पण दात घट्ट मिटलेले. मग त्याला झटका आला आणि तो आडवा झाला. वाद्यं तेव्हा थांबली. मायने मान वर केली आणि तिला कळलं. कसं कळलं ते तिचं तिलाच ठाऊक, पण तिने जी किंकाळी फोडली ती देवीला मारलेली हाक नव्हती.

काय घडलं होतं ते मग तुकड्यातुकड्यांनी समजलं. विमल येत नाही म्हटल्यावर भटू म्हणाला, आज पुरं पान मीच खातो, मायला घोर नको. पूर्ण पानाला पुरेल एवढी सुई त्याने टोचून घेतली. ताट वाढलेलं होतं, आरती आत्ताच होणार होती. पण गोडादऱ्याचे पाहुणे आले नव्हते, वाजवणारे उशिरा आले, आरती लांबत गेली. देवीच्या आधी घास कसा घ्यायचा? खडीसाखर होती, पण ती रोजच्या शर्टाच्या खिशात, आणि अंगात सणाचा नवा शर्ट. एरवी साखर उतरली की भटू गप्प पडायचा, हे मायला ओळखता येत होतं. असा थरथरताना, वाद्यांपुढे डुलताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. आणि नवस बोललेली बाई. देवी आली असं लोक म्हणाले तेव्हा तिला तेच हवं होतं. मी तिला दोष देत नाही. ज्याला द्यावासा वाटतो त्याने आधी नऊ वर्षांच्या पोराला सुई टोचून बघावी.

दवाखान्यात शिरेतून साखर दिली. साखर वर आली, भटू वर आला नाही. किती वेळ तसा होता, डॉक्टर विचारत होते. कुणाला सांगता येईना. अंगात आलेल्या देवीची वेळ कोण बघतं?

विमलबेन पोचली ती कोटातच. पायात प्रयोगशाळेच्या आतल्या सपाता. ती खाटेजवळ गेली, त्याच्या कपाळावरचं कुंकू तिने ओढणीने पुसलं. पूर्ण निघालं नाही. मग त्याच्या कानाशी वाकली.

"भटू. सतरा पाचे?"

तिने त्याची बोटं हातात घेतली.

"भटू, सतरा पाचे? बरं, सोपं विचारते. दोन चोक? बोल ना रे भाऊ. दोन चोक?"

नर्सने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती उठली नाही. पुढचे तीन दिवस ती त्याला पाढे विचारत राहिली, सोपे, आणखी सोपे, शेवटी नुसते आकडे. चौथ्या दिवशी भटू गेला.

त्या दिवसांत प्रयोगशाळेत मी एकटीच बेटं सांभाळत होते. मोठ्या सरांनी सांगितलं होतं, जमलं तर ठेवा, नाही तर राहू द्या. मी रोज गुलाबी पाणी बदललं. नुसत्या बशीत ठेवलेली काळी पडली. भटूच्या रेशमावरची नाही पडली. दुःखाचा विधी आटोपून विमलबेन कामावर आली त्या सकाळीसुद्धा ही बेटं जिवंत होती, आमच्याकडे आधी कधीच टिकली नव्हती इतके दिवस. साखरेचं पाणी दिलं की इन्सुलिन देत होती. सरांना हे कळलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

विमलबेनने चपला बाहेर काढल्या. ओढणीचं टोक खोचलं. सूक्ष्मदर्शकावर वाकली. विचारलं काहीच नाही. मीच म्हटलं, "जिवंत आहेत, विमल."

तिने डोळे न उचलता विचारलं, "कोनासाठे?"

दुसरी कितीतरी पोरं आहेत, कितीतरी मायबाप आहेत, हे तिलाही माहीत होतं, पण असलं त्या वेळी बोलायचं नसतं. ती तशीच वाकून राहिली. मग हात लांब करून तिने नव्या पाण्याची बाटली उचलली आणि पाणी बदलायला लागली. हात नेहमीसारखाच स्थिर होता. आणि पाढ्यांची वेळ झाली तेव्हा हातमोजे काढून तिने फोन हातात घेतला, क्रमांक काढला, आणि फोनकडे बघत उभी राहिली. रोज. वर्षभर रोज. आम्ही कुणी तिकडे पाहायचो नाही.

पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याचं काम संपलं आणि आमचं अकोल्याला परतायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या दिवशी कानबाईचा सोमवार होता. विमलबेन या वेळी घरी थांबली होती. बेटांचं सकाळचं सगळं मी आटोपलं आणि निरोप घ्यायला नवागामला गेले.

काकांच्या घरात आरती होऊन गेली होती. पुरुषांची पानं उठली होती. वाद्यं बाहेर वाजत होती, कानबाईला उचलायची तयारी चालली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात विमलबेन एका पानावर बसली होती. पान भरलेलं होतं. समोर माय, या वेळी पाठ करून नाही, तोंड करून बसलेली.

काकू माझ्या कानाशी लागल्या. गहू मोजताना मायची पाळी आली तेव्हा ती सुपासमोर नुसती बसून राहिली म्हणे. घरात पुरुष उरला नव्हता, कुणाच्या नावाने मूठ घालायची? काका म्हणाले, राहू द्या वहिनी. तेव्हा विमल पुढे झाली, मायचा हात धरून गव्हात घातला आणि म्हणाली, "भटूनी मूठ घाल." कुणी अडवलं नाही. मूठ घातली म्हणजे पान आलं. पान आलं म्हणजे ते कानबाई उठायच्या आत रिकामं व्हायलाच हवं.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. ती खात होती. भूक असल्यासारखी नाही, काम असल्यासारखी. घास तोंडात फिरत होता, उतरत नव्हता. मला बघून तिने पाण्याचा घोट घेतला.

"तठे कशा शेतस?" तिकडे कशी आहेत, बेटांचं विचारत होती.

एवढ्या वर्षांत मी तिच्या भाषेत कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "जित्ता शेतस."

तिने मान हलवली. पुन्हा घास घेतला. बाहेर कुणीतरी ओरडलं, चला, चौरंग उचला. मायने घाबरून पानाकडे पाहिलं. अर्धी पोळी अजून तशीच होती. विमलबेनने ती उचलली, तोंडापर्यंत नेली, आणि तिचा हात तिथेच थांबला. मग तिने त्या पोळीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मी मायकडे पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल, मी बाहेरची आहे म्हणून. मायने आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"खा," विमल म्हणाली. "एकलीघाई नही सरस." एकटीच्याने संपत नाही.

आम्ही दोघींनी मिळून भटूचं पान रिकामं केलं.